कुणी काही म्हटलं नव्हतं

पुराव्यावाचून एखाद्यावर दोष ठेवायला इंग्रजीत किती शब्द आहेत, ते मला मॅट्रिकच्या वर्षी तोंडपाठ होतं. रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर हे शब्द फळ्यावर खालून वर लिहीत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सगळ्यात खाली सस्पेक्ट, म्हणजे नुसता मनातला संशय, तो बोलून दाखवायचीही गरज नाही. त्याच्या वर इन्सिन्युएट, म्हणजे सरळ न बोलता आडून सुचवायचं. मग अलेज, म्हणजे बोलायचं उघड, पण सिद्ध काही झालेलं नाही हे ऐकणाऱ्याला कळेल अशा बेतानं. मग अक्यूज, थेट तोंडावर. आणि सगळ्यात वर चार्ज, तिथे पोलीस आणि कोर्ट आलं. "साहेब माणूस शब्द तोलून वापरतो," मास्तर खडू झटकत म्हणायचे. "आपल्याकडे काय, उठला की चोर चोर म्हणून ओरडला."

हे साफ खोटं होतं. मराठीतही आळ आहे, बालंट आहे, किटाळ आहे, वहीम आहे, ठपका आहे, आणि ते मास्तरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. शिवाय माझ्या वाट्याला जे आलं, त्यात चोर चोर म्हणून कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता तरी आलं असतं.

मी वारावर जेवणारा मुलगा होतो. आता ही चाल मोडली, म्हणून सांगतो. खेड्यातला ब्राह्मणाचा गरीब मुलगा शिकायला शहरात आला की त्याच्यासाठी सात घरं बघायची. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. मोबदला काही नाही. फार तर कुठे दोन घागरी पाणी भर, कुठे धाकट्याचा अभ्यास घे. आमचं गाव राजापूरच्या बाजूला, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे भिक्षुकी करत. पूजा सांगायच्या, मिळेल ती दक्षिणा आणि तांदूळ पंचात बांधून आणायचे. मला रत्नागिरीत ठेवून खाणावळीत घालणं त्यांना शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनीच घरोघर हिंडून, हात जोडून माझे सात वार लावून दिले होते. राहायला देवळाच्या धर्मशाळेतली एक खोली होती. वार सुटले तर मॅट्रिक सुटलं आणि मी गावी परत, पंचा खांद्यावर टाकून अण्णांच्या मागून चालायला, हे मला रोज सकाळी उठताना आठवायचं.

बुधवारचं घर वकिलांचं. हे सगळ्यात मोठं आणि मला सगळ्यात आवडतं. वकिलीणकाकू मला घरच्यांच्या पंगतीत पाट मांडून, पितळेच्या ताटात वाढायच्या. आमटीवर नारळाचं दूध हात राखून घालणाऱ्या नव्हत्या त्या. "लाजू नकोस हो, भात घे," असं त्या प्रत्येक बुधवारी म्हणत आणि मी प्रत्येक बुधवारी लाजल्यासारखं करून भात घेत असे.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी वकील खटल्यासाठी बाहेरगावी गेले होते. काकू म्हणाल्या, "आज देवांची पूजा तू कर. भिक्षुकाचा मुलगा आहेस, तुला काय सांगायचं?" मला मोठा मान वाटला. मी सोवळं नेसून चांगली तब्येतीनं पूजा केली, अण्णांसारखे मंत्र खणखणीत म्हटले, चांदीच्या पळीनं पाणी सोडलं, आणि पळी ताम्हनात ठेवून जेवायला बसलो. त्या दिवशी काकूंनी मला तूप जरा जास्तच वाढलं.

पुढच्या बुधवारी गेलो तर माझा पाट पंगतीत नव्हता. तो पडवीत होता, एकटा, आणि समोर पत्रावळ. "आज जरा गडबड आहे रे," काकू म्हणाल्या. घरात गडबड काही दिसत नव्हती. देवघराचं दार एरवी दिवसभर उघडं असे, त्याला कडी घातलेली होती. माझं जेवण अर्धं झालं तेव्हा काकू ताक घेऊन आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काय रे, त्या दिवशी पूजा झाल्यावर पळी कुठे ठेवलीस, आठवतंय का तुला?"

"ताम्हनात ठेवली काकू."

"हो का? असेल मग."

बस, इतकंच. माझ्या विरुद्ध जे काही बोललं गेलं ते सगळं एवढंच. "असेल मग." पण माझा घास हातातच राहिला. मी मान खाली घातली, आणि मान खाली घातली की आपण चोरासारखे दिसतो हे कळूनसुद्धा ती वर करता येईना. आपण काही केलेलं नसताना लाज कशी वाटते, हे कोडं मला आजही नीट सुटलेलं नाही. एवढं खरं, की ती वाटते, आणि केलेल्या माणसाला वाटते तिच्याहून थोडी जास्तच वाटत असावी. केलेल्याला निदान काय लपवायचं ते माहीत असतं.

त्या आठवड्यात माझ्या अंगात एक चमत्कारिक सवय शिरली. कुठल्याही घरून जेवून निघताना मी माझी कापडी पिशवी तोंड उघडं धरून चालू लागलो. आतली पुस्तकं बाहेरून दिसावीत अशी. कुणी दाखव म्हटलं नव्हतं. पाटावर बसल्यावर डावा हात मांडीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. पाणी प्यायला भांडं उचललं की ते खाली ठेवताना आवाज होईल असं ठेवायचं. शुक्रवारच्या घरच्या आजी एकदा म्हणाल्यासुद्धा, "भांडं आपटतोस काय रे मेल्या?" त्यांना तोपर्यंत काही कळलेलं नसावं. मी सॉरी म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत राहिलो.

मग मात्र कळत गेलं सगळ्यांना. शनिवारच्या घरी एकाएकी पाहुणे आले, ते जाईचनात. मंगळवारी कुणाचं तरी सुतक निघालं. सोमवारी सांगितलं, की आता पोरांच्या शाळेची वेळ बदलली, तुझी सोय लागणार नाही. एकजात सगळे हळहळत बोलत. कुणी दार लावून घेतलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, पळीचा तर कुणी ब्रसुद्धा काढला नाही. मी प्रत्येक दारातून "बरं, बरं, काही हरकत नाही" म्हणत मागे फिरायचो, जणू मीच त्यांची सोय बघत होतो. पोटात कावळे ओरडत असायचे. धर्मशाळेत येऊन पोहे भिजवायचे आणि मीठ लावून खायचे.

बुधवार, शुक्रवार, रविवारही असेच सुटले. गुरुवार तेवढा राहिला होता. गुरुवारचं घर इंग्रजीच्या मास्तरांचं.

त्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती. जो माणूस सस्पेक्ट आणि अक्यूज यांच्यामध्ये इतक्या पायऱ्या दाखवतो, तो त्या चढल्याशिवाय वर जाणार नाही असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी मनात भाषणसुद्धा तयार केलं होतं. ते विचारतील, मी सांगेन, ते म्हणतील ठीक आहे. गुरुवारी सकाळी तास सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडे सध्या जरा अडचण आहे. काही दिवस नको येऊस. मी सांगेन तुला."

लगेच तास सुरू झाला. त्या दिवशी तेच शब्द होते, वाक्यात उपयोग करायचे. मास्तरांनी सवयीनं माझ्याकडे बोट केलं, कारण उत्तर देणारा मीच असे. "इन्सिन्युएट." मी उभा राहिलो. माझ्याजवळ त्या शब्दाची इतकी वाक्यं होती, की कुठलं सांगावं कळेना, आणि सगळ्या वाक्यांत कर्ता तेच होते. वर्गात खसखस पिकली. मास्तर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनाही बहुधा काहीतरी उमगलं, कारण त्यांनी पुस्तकात डोकं घातलं. "बस," ते म्हणाले, आणि शब्द पुढच्या मुलाकडे गेला.

पुढे मी स्वतः इंग्रजीचा शिक्षक झालो. हे शब्द दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धड्यात येत. मी ते फळ्यावर आडवे लिहीत असे, एका ओळीत, आणि अर्थ सांगून पटकन पुढे सरकत असे. मुलं हुशार असतात. एकानं एकदा विचारलं होतं, की सर, यातला सगळ्यात वाईट कुठला? मी त्याला उगाच खेकसून खाली बसवलं.

तर वार असे गळत चालले होते आणि परीक्षा जवळ येत होती. मी घरी काही कळवलं नव्हतं. पण वकिलांकडे राजापूरचे पक्षकार यायचे. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून गोष्ट आमच्या गावी पोचली. एका रविवारी सकाळी धर्मशाळेच्या दारात अण्णा उभे. एस.टी.नं आले होते, टोपी धुळीनं लाल झालेली, हातात आमसुलांची पुरचुंडी आणि एक नारळ. मला वाटलं, आता विचारतील. मी इतके दिवस कुणीतरी विचारावं म्हणून जीव टांगून बसलो होतो. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, टोपी झटकून पुन्हा घातली आणि म्हणाले, "चल, वकिलांकडे जाऊन येऊ."

वाटेत मी म्हटलं, "अण्णा, मी काही..." तर म्हणाले, "असू दे. सदरा नीट कर."

वकील आणि काकू पडवीत झोपाळ्यावर बसले होते. अण्णांनी नारळ आणि पुरचुंडी काकूंसमोर ठेवली. मग डोक्यावरची टोपी काढली. अण्णांना मी देवापुढे सोडून दुसऱ्या कुणापुढे बोडक्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. दोन्ही हात जोडून ते वाकले आणि म्हणाले, "वहिनी, पोर अजाण आहे. त्याच्या हातून काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. त्याच्या वतीनं मी माफी मागतो. काय भरून द्यायचं ते मी देईन हो, सवडीनं. पण त्याचा वार तेवढा तोडू नका, परीक्षा तोंडावर आलीय त्याची."

आणि माझ्याकडे न बघता, मागल्या मागे हातानं मला पुढे ओढून म्हणाले, "पाया पड."

मला आजही त्या पडवीतल्या शेणसारवणाचा वास येतो. मी पाया पडलो. पहिल्यांदा काकूंच्या, मग वकिलांच्या. वर बघायची हिंमत नव्हती, पण काकूंचा आवाज ऐकला आणि तो मोकळा झाला होता. इतके दिवस कुठेतरी अडकलेली त्यांची माया एकदम सुटल्यासारखी. "अहो, हे काय करता! आम्ही कुठे काय म्हटलंय? लहान आहे, चालायचंच. येऊ दे की त्याला बुधवारचा." वकीलही म्हणाले, "भटजी, तुम्ही टोपी घाला आधी."

अण्णांनी सगळं निस्तरलं होतं. भिक्षुकाला दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं ते कळतं. आयुष्यभर तेच केलेलं. लोकांच्या मनात काय आहे याच्याशी भांडत बसलं तर त्याला शिधा मिळत नाही. ते भांडले नाहीत, वाकले. आणि त्यांच्या त्या वाकण्यानं, जे कुणी उच्चारलंही नव्हतं ते कबूल होऊन गेलं.

एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी त्यांच्या बरोबर गेलो. मी चांगलं मोठ्यानं, रस्त्यातच म्हटलं, "अण्णा, मी पळी घेतली नाही."

"बरं, बरं," ते म्हणाले. "अभ्यास कर. रात्री पोह्यात थोडा गूळ टाकत जा." गाडी आली, ते आत जाऊन खिडकीशी बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडे बघून असं काही हसले, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो, आणि त्यांची इतकी लाज वाटत होती, आणि ती वाटते म्हणून स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मी हातसुद्धा हलवला नाही.

सगळे वार परत आले. पाहुणे गेले, सुतक फिटलं, शाळेच्या वेळा जिथल्या तिथे. संशय असलेला मुलगा घरात नको असतो. माफी मागितलेला मुलगा चालतो. त्याच्याबद्दल मन मोठं करता येतं. वकिलीणकाकूंनी मला पुन्हा पंगतीत बसवलं, ताटात वाढलं, फक्त देवघराची कडी तशीच राहिली. मास्तरांनीही मला व्हरांड्यात गाठलं. "ये गुरुवारपासून. होतात चुका या वयात. पुढे सांभाळ म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. पाच पायऱ्यांचा जिना शिकवणारा माणूस एका ढांगेत माडीवर पोचला होता. मी काय म्हणालो? "हो सर," म्हणालो. गुरुवारी गेलो आणि जेवलो. मास्तरीणबाईंच्या हातची फणसाची भाजी मला आवडत असे आणि त्या दिवशीही आवडली, हे लिहायलासुद्धा बरं वाटत नाही.

मॅट्रिक झालो. निकाल बघायला गावाहून रत्नागिरीला आलो, आणि पद्धतीप्रमाणे सातही घरी पेढे द्यायला निघालो. वकिलांकडे काकूंनी मला बसवून घेतलं, शिरा केला. शिरा खाता खाता त्या म्हणाल्या, "अरे, तुला सांगायचंच राहिलं. पळी सापडली हो. मागीलदारी नारळाला खत घालायला गड्यानं बुंधा उकरला, तर निर्माल्याच्या ढिगात निघाली. फुलांबरोबर गेली असणार." त्या घरात निर्माल्य नारळाच्या बुंध्याशी रोज काकू स्वतःच टाकत.

मी चमचा खाली ठेवला. आता त्या काहीतरी म्हणतील म्हणून थांबलो. त्यांना माझं थांबणं दिसलं असावं, कारण त्या थोड्या गडबडल्या आणि मग हसून म्हणाल्या, "आम्ही काय तुला कधी काही बोललो होतो का रे? तुझे वडीलच आपले येऊन..."

"नाही काकू," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलला नव्हता."

त्यांनी मला आणखी शिरा वाढला.

पण मला त्यांच्याकडून काही नको होतं त्या दिवशी. राजापूरची गाडी गाठायची घाई होती. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट घोळवत होतो, की घरात पाऊल टाकल्या टाकल्या अण्णांना सांगायचं. त्यांनी टोपी काढली होती ती उगाच काढली होती, हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांना वाईट वाटलं असतं, मला माफ कर म्हणाले असते, किंवा नुसते गप्प बसले असते. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

घरी पोचलो तेव्हा ते पुढच्या पडवीत बसून सुपारी कातरत होते. मी पास झाल्याचा पेढा त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी कपाळाला लावून तोंडात टाकला, डोळे पुसले. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "अण्णा, वकिलांकडची पळी मिळाली. नारळाच्या बुंध्याशी होती, मातीत."

त्यांचा अडकित्ता थांबला. त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आई ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तिथे पुरली होतीस होय? परत मिळाली त्यांना, बरं झालं हो. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही."